खूणचिठ्ठी : तिचा इतिहास, यंत्रे आणि व्यवहार

मृग नक्षत्राच्या तोंडावर अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातील कोणत्याही कृषी सेवा केंद्रापुढे घटकाभर उभे राहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाईक पिशवी उचलून पाहतो, वाणाचे नाव विचारतो, किमतीत घासाघीस करतो आणि पैसे मोजतो. पिशवीच्या तोंडाशी शिवलेली, वीतभरही नसलेली कागदी चिठ्ठी मात्र तो क्वचितच उलटून वाचतो. पेरणीच्या घाईत पिशवी फाडली जाते आणि चिठ्ठी बांधावर उडून जाते. पुढे आठ-दहा दिवसांनी तासांत खांडण्या दिसू लागल्या, म्हणजे मग घरभर तिचा शोध सुरू होतो. तक्रार नोंदवावयास गेलेल्या शेतकऱ्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो त्या चिठ्ठीवरील लॉट क्रमांकाचा असतो.

ही चिठ्ठी कोठून आली, ती कोण छापतो, कशावर छापतो, तिच्यावर काय असावे लागते, आणि आता खेडोपाडी निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व महिला बचत गटांनी स्वतःच्या मालासाठी चिठ्ठ्या छापण्याचे यंत्र घ्यावे किंवा कसे, याचा विचार येथे केला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे हे प्रश्न वारंवार येतात, म्हणून तपशील थोडा विस्ताराने दिला आहे.

कापसाच्या गाठीवरील ठसा

मालावर खूण करण्याची सक्ती वऱ्हाडात प्रथम आली ती बियाण्यावर नव्हे, तर कापसाच्या गाठीवर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून पुढे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, यावरून या बाजारपेठेचे त्या काळचे महत्त्व कळावे. बैलगाड्यांनी जाणारी सैल रुई मागे पडली आणि दाबलेल्या गाठी आगगाडीने जाऊ लागल्या.

भाव चढला तशी लबाडीही वाढली. रुईत पाणी मारणे, सरकी व कचरा मिसळणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा कापूस दडपणे हे प्रकार सर्रास होऊ लागले. मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करण्यात आला, परंतु खरी अडचण वेगळीच होती. एकदा गाठ बांधली, तिच्यावर गोणपाट चढले आणि पट्ट्या आवळल्या, म्हणजे ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली हे सांगता येत नसे. लँकेशायरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर आत दगड निघाला, तरी दोष कोणाच्या माथी मारावयाचा?

१९१७ मध्ये नेमलेल्या भारतीय कापूस समितीने या प्रश्नाचा कसून विचार केला, आणि तिच्या शिफारशींच्या आधारे १९२५ मध्ये कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज कायदा झाला. या कायद्याने प्रत्येक प्रेसला स्वतंत्र खूण देण्यात आली आणि प्रत्येक गाठीवर ती खूण व हंगामातील अनुक्रमांक छापणे बंधनकारक करण्यात आले. त्यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे होते. पत्र्यात अक्षरे कापून केलेला छापा, कुंचला आणि काळी शाई एवढ्यावर काम होई. अनुक्रमांकाचे पत्रे एकेक आकड्याचे असत व मजूर ते जोडून गोणपाटावर ठसा उठवीत असे. अक्षरे वाकडीतिकडी उमटत, परंतु समुद्रप्रवास करूनही ती पुसत नसत, आणि त्या काळी तेवढेच पुरेसे होते.

या जुन्या ठशाचे तत्त्व आजही बदललेले नाही. खूण सांगते की माल कोणाचा, आणि क्रमांक सांगतो की त्यातला नेमका कोणता. या दोहोंपैकी एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग निम्म्यावर येतो. बियाण्याच्या पिशवीवरील लॉट क्रमांक, औषधाच्या बाटलीवरील बॅच क्रमांक, आणि भारतीय कापसाच्या ‘कस्तुरी’ या नाममुद्रेखाली (ही नाममुद्रा ७ ऑक्टोबर २०२० रोजी जाहीर झाली) गाठींना लावण्यात येणारा क्यूआर कोड ही सर्व त्या पत्र्याच्या छाप्याचीच पुढची पिढी होय.

शिळाछापापासून चिकट चिठ्ठीपर्यंत

कागदी चिठ्ठीची कथा निराळी आहे. जर्मनीत आलॉइस सेनेफेल्डर याने १७९६ मध्ये दगडावर तेलकट शाईने लिहून छापण्याची रीत शोधून काढली. आपल्याकडे तिला शिळाछाप म्हणत. या रीतीने रंगीत चित्रे स्वस्तात छापता येऊ लागली, आणि कापडाच्या ठाणांवर, काड्यापेट्यांवर, अत्तराच्या बाटल्यांवर रंगीत चिठ्ठ्या दिसू लागल्या. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला छापखाना देवदेवतांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु नंतरच्या मालकांच्या काळात जाहिराती व मालावरच्या चिठ्ठ्या छापणे हाही त्याचा एक व्यवसाय होता. अक्षर न वाचणारे गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखत असे. ‘हत्ती छाप’, ‘घोडा छाप’ हे शब्द आपल्या बोलण्यात आले ते यामुळेच. अक्षरओळख वाढली तरी चित्रावर विसंबण्याची सवय गेलेली नाही, आणि खोटे बियाणे विकणारे या सवयीचाच लाभ घेतात. ते पिशवीवरचे चित्र हुबेहूब उतरवितात आणि चिठ्ठीकडे दुर्लक्ष करतात.

त्या सर्व चिठ्ठ्या खळीने चिकटवाव्या लागत. पाठीला आधीच गोंद लावलेली, नुसती सोलून चिकटवावयाची चिठ्ठी ही अमेरिकेतील स्टॅन्टन एव्हरी या तरुणाची देणगी होय. १९३५ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याने एक लहानसे यंत्र जुळविले. भांडवल होते शंभर डॉलर, आणि ते दिले होते त्याच्या भावी पत्नीने. शिलाई यंत्राचे भाग आणि जुनी मोटर असे मिळेल ते सामान त्याने वापरले. कागदाला गोंद लावावयाचा, तो गुळगुळीत आधारपट्टीवर बसवावयाचा, आणि आधारपट्टी न कापता फक्त वरचा कागद साच्याने कापावयाचा, अशी त्याची युक्ती होती. आज बाजारात मिळणारा लेबलचा प्रत्येक रोल याच रीतीने तयार होतो. आधारपट्टीला सिलिकॉनचा पातळ लेप असतो म्हणून चिठ्ठी तिच्यावरून सहज सुटते.

पुढची मोठी पायरी म्हणजे पट्ट्यांचा कोड. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड यंत्राने प्रथम वाचला. भारतात नोंदलेल्या कोडाच्या आरंभी ८९० हा आकडा असतो. या आकड्याविषयी एक गैरसमज खेड्यांत पसरलेला दिसतो, तो दूर करणे अवश्य आहे. ८९० याचा अर्थ कोडाची नोंदणी भारतातील संस्थेकडे झाली एवढाच आहे. माल भारतात पिकला किंवा तयार झाला याची ती हमी नव्हे, आणि मालाच्या दर्जाशी तर तिचा काडीमात्र संबंध नाही. चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड हा १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला. एका कोपऱ्यात मळ लागला तरी तो वाचता येतो, म्हणून शेतमालास तो विशेष सोयीचा आहे.

बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी

बियाण्याच्या चिठ्ठीच्या बाबतीत अकोला शहराचे स्थान महाराष्ट्रात वेगळे आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे १९६९ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, २८ एप्रिल १९७६ रोजी येथेच स्थापन झाले, आणि राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही येथेच आहे. वाण निर्माण करणारे, बियाणे तयार करणारे आणि त्यावर खूणचिठ्ठी देणारे असे तिघेही एका गावात बसलेले आहेत.

बियाणे कायदा १९६६ मध्ये झाला व त्याखालील नियम १९६८ मध्ये आले. चिठ्ठीचा रंग बियाण्याचा दर्जा सांगतो. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी आणि सत्यप्रत बियाण्याची फिकट हिरवी असते. निळ्या व हिरव्या चिठ्ठीतील भेद प्रत्येक कार्यकर्त्याने शेतकऱ्यास समजावून द्यावा. निळी चिठ्ठी प्रमाणीकरण यंत्रणा देते. तत्पूर्वी तिचे अधिकारी बीजोत्पादनाचे शेत फुलोऱ्यात व पुन्हा काढणीच्या सुमारास पाहून येतात, बियाण्यावर प्रक्रिया झाल्यावर नमुना काढतात आणि तो प्रयोगशाळेत तपासला जातो. हिरव्या चिठ्ठीवरील मजकुराची जबाबदारी सर्वस्वी उत्पादकाची असते. त्याने स्वतः तपासून सत्य म्हणून जाहीर केलेले ते आकडे होत. हिरवी चिठ्ठी म्हणजे वाईट बियाणे असे मुळीच नाही. बाजारातील बहुतेक संकरित बियाणे याच चिठ्ठीखाली विकले जाते. परंतु तिच्यामागे तिऱ्हाइताची तपासणी नाही, हे जाणून खरेदी करावी.

चिठ्ठीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, भौतिक व आनुवंशिक शुद्धता, निव्वळ वजन, तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत एवढे असावयास हवे. उगवणशक्तीचे किमान प्रमाण सोयाबीनला ७० टक्के, संकरित कपाशीला ७५ टक्के, तुरीला ७५ टक्के व हरभऱ्याला ८५ टक्के असे ठरलेले आहे. तपासणीच्या तारखेपासून पहिली मुदत ९ महिन्यांची असते. पुन्हा तपासून दर्जा टिकलेला आढळल्यास ती ६ महिन्यांनी वाढविता येते. अशा वेळी पिशवीवर नवी चिठ्ठी येते. जुन्या तारखेवर नवी तारीख चिकटविलेली किंवा खोडून लिहिलेली दिसल्यास पिशवी घेऊ नये. बियाण्यास औषध चोळलेले असेल तर त्या औषधाचे नाव आणि ते खाण्यासाठी, वैरणीसाठी वा तेल काढण्यासाठी वापरू नये ही सूचना चिठ्ठीवर असणे आवश्यक आहे. उरलेले सोयाबीन गिरणीकडे पाठविण्यापूर्वी हे वाचलेच पाहिजे.

या चिठ्ठीची खरी किंमत २०२० च्या खरिपात कळली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागून राहिला. शेंगा भिजल्या आणि दाण्याची उगवणशक्ती खालावली. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ व अंकुर वरच्या बाजूस असल्यामुळे हे पीक असा मार सहन करीत नाही. पुढच्या जूनमध्ये राज्यभरातून उगवण न झाल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. त्या वेळी ज्यांच्याजवळ पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर शिल्लक बियाणे होते, त्यांची तक्रार उभी राहू शकली. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते, त्यांचे नुकसान तेवढेच खरे असूनही ते दाखविण्यास त्यांच्या हाती काही नव्हते. शेजारच्या पिशवीची चिठ्ठी दाखवून भागत नाही, कारण लॉट वेगळा असतो. चिठ्ठी व पावती पीक घरात येईपर्यंत घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी. मोबाइलवर दोन्हींचे छायाचित्र काढून ठेवणेही चांगले. उगवण कमी आढळताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. मोडून दुबार पेरणी करण्याची घाई समजण्यासारखी आहे. ओल निघून जात असते. तरी निदान एक पट्टा तसाच राखावा.

बनावट चिठ्ठी छापणे आता सोपे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी त्यासाठी छापखाना हाताशी लागे. आज टेबलावर मावेल एवढ्या यंत्रावर ते काम होते. त्या मानाने शिक्षेचा धाक फारच थोडा होता. १९६६ च्या मूळ तरतुदीप्रमाणे पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे, आणि एवढ्या रकमेत आज संकरित कपाशीचे एक पाकीटही येत नाही. याला उत्तर म्हणून केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ‘साथी’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिच्यात चिठ्ठीवरील क्यूआर कोड मोबाइलने वाचला असता बियाण्याचा माग लागतो. कोड वाचल्यावर दिसणारे वाण व लॉट क्रमांक आणि चिठ्ठीवर छापलेले वाण व लॉट क्रमांक जुळतात की नाही हे ताडून पाहावे. नुसता कोड असणे पुरेसे नाही. खऱ्या कोडाचे चित्रही कोणी उतरवू शकतो.

तणनाशक सहन करणाऱ्या म्हणून चोरून विकल्या जाणाऱ्या कपाशीच्या पाकिटांविषयी निराळे सांगावयास नको. तिला मान्यता मिळालेली नाही. म्हणून तिच्या पाकिटावर खरी चिठ्ठी असूच शकत नाही, तिची पावतीही कोणी देत नाही. नुकसान झाले तर दाद मागण्यास जागा उरत नाही.

औषधाच्या डब्यावरील चौकोन

कीटकनाशकांच्या लेबलवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. लाल व पिवळ्या रंगाच्या वरच्या भागात विष असा शब्द असतो आणि लाल रंगाबरोबर कवटीचे चिन्हही असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे या चौकोनाने लेबलच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवेत उकाडा व दमटपणा होता, आणि अनेक ठिकाणी औषधे एकत्र मिसळून मारली जात होती. फवारणी करणारे पुष्कळदा मजूर होते. डबा मालकाच्या घरी आणि पंप मजुराच्या पाठीवर, अशी स्थिती असते. म्हणून डब्यावरचा रंग मजुराला दाखविणे व हातमोजे, तोंडावर पट्टी आणि पूर्ण अंगभर कपडे देणे हे मालकाचे काम आहे. पाण्याच्या बाटलीत औषध ओतून शेतावर नेणे म्हणजे लेबल घरी ठेवून विष तेवढे बरोबर नेणे होय. ही रीत ताबडतोब बंद झाली पाहिजे.

यंत्र घ्यावे की घेऊ नये

आता बचत गटांचा व उत्पादक कंपन्यांचा प्रश्न. तूरडाळ, हळद, तिखट, संत्र्याचा रस असा माल बांधून विकणाऱ्यास चिठ्ठी लावणे भाग आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बांधणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क एवढा मजकूर हवा, व अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, बॅच क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण लागते. ॲगमार्कची मुद्रा मात्र १९३७ च्या कायद्याखाली परवानगी घेतल्यावाचून छापता येत नाही. या खात्याचे मोठे कार्यालय नागपुरास असल्याने आपल्या भागातील गटांना चौकशी करणे सोयीचे आहे.

यातील बराचसा मजकूर वर्षभर बदलत नाही. बदलतात ते फक्त बॅच, तारीख व किंमत. म्हणून महिन्याला शे-दोनशे पुड्या बांधणाऱ्या गटाने यंत्र घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमरावती वा अकोल्याच्या छापखान्यातून रंगीत चिठ्ठ्या एकदाच छापून घ्याव्यात, बदलत्या मजकुरासाठी जागा कोरी ठेवावी आणि ती हातशिक्क्याने भरावी. प्लॅस्टिकवर साधी शाई पुसली जाते. लवकर वाळणारी शाई मागून घ्यावी. अनुदान मिळते म्हणून घेतलेली यंत्रे कपाटावर धूळ खात पडलेली पुष्कळ गावांत पाहावयास मिळतात.

मालाचे प्रकार अनेक असतील, बॅच रोज बदलत असेल किंवा प्रत्येक पोत्यावर वेगळा क्रमांक टाकावयाचा असेल, तरच उष्णतेवर चालणारे लहान छपाई यंत्र परवडते. अशा यंत्राच्या डोक्यात तापणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांची एक रांग असते. साध्या यंत्रात एका इंचात २०३, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके असतात. त्याहून बऱ्या यंत्रात ३००, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १२. इंग्रजी आकड्यांना पहिले पुरते. मराठी मजकूर बारीक असेल तर दुसरेच घ्यावे, कारण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे पहिल्यात भरून जातात. यंत्रातील अंगचे अक्षरसंच सहसा देवनागरी नसतात. मराठी मजकूर संगणकातून चित्ररूपाने पाठवावा लागतो. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून आपला स्वतःचा मराठी मजकूर छापून पाहावा.

या यंत्रांच्या दोन जाती आहेत. एका जातीत कागदच उष्णतेने काळा होतो, रिबन लागत नाही. हे स्वस्त दिसते. परंतु असा कागद उन्हात फिका पडतो आणि तापल्यास सबंध काळवंडतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या गोदामात वा उभ्या मालमोटारीत त्याहूनही अधिक तापते. दुकानाच्या पावतीस तो कागद ठीक आहे; सहा महिने टिकावयाच्या मालावर तो लावू नये. दुसऱ्या जातीत रिबनवरील शाई वितळून कागदावर उतरते व टिकते. आपल्या कामास हीच योग्य.

रिबन आणि रोल

या धंद्याची खरी कमाई यंत्रात नसून पुढे लागणाऱ्या साहित्यात आहे, हे खरेदी करणाराने ओळखून असावे. काही परदेशी कंपन्यांनी तर अलीकडे रोलच्या गाभ्यात चीप बसवून दुसऱ्या कोणाचा रोल चालणारच नाही अशी व्यवस्था केली आहे. कोणताही रोल चालेल असेच यंत्र घ्यावे आणि ते लेखी लिहून घ्यावे.

हिशेब असा करावा. समजा, गट महिन्याला ५०० पुड्या बांधतो, म्हणजे वर्षाला ६,००० चिठ्ठ्या. चिठ्ठीची लांबी ७५ मिलिमीटर आणि दोन चिठ्ठ्यांमधील फट ३ मिलिमीटर धरली तर प्रत्येक चिठ्ठीमागे ७८ मिलिमीटर रिबन सरकते, मजकूर थोडा असो वा फार. वर्षाला ४६८ मीटर रिबन लागेल. ३०० मीटरच्या दोन गुंडाळ्या पुरून थोडी उरेल. वाया जाणाऱ्या चिठ्ठ्या यातच बसतात. रुंद रोलवर दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी घेतल्यास रिबनची लांबी निम्मी होते, मात्र रुंदी वाढते म्हणून खर्च निम्मा होत नाही. दुकानदार ‘रिबन निम्मी लागेल’ असे सांगतो तेव्हा रुंदी विचारावी.

रिबनचेही प्रकार आहेत. मेणाची रिबन साध्या कागदास चालते व स्वस्त असते, परंतु नखाने खरडली जाते. मेण व राळ मिश्रित रिबन गुळगुळीत कागदास बरी. तिखट-हळदीच्या पुड्यांवर हातांचा तेलकटपणा लागतो तेथे हीच वापरावी. शुद्ध राळेची रिबन प्लॅस्टिकच्या चिठ्ठीसाठी असते, ती महाग असून अधिक उष्णता मागते. रिबन चिठ्ठीपेक्षा किंचित रुंद असावी, म्हणजे कागद यंत्राच्या डोक्यावर घासत नाही. शाईची बाजू आत की बाहेर आणि रोलच्या गाभ्याचा व्यास २५ मिलिमीटर की ७६, हे मागणीपत्रात लिहावे. निम्म्या तक्रारी या दोन गोष्टी न लिहिल्याने होतात. रिबन बदलताना डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. डाळमिलच्या धुळीत हे न केल्यास अक्षरांतून पांढऱ्या उभ्या रेघा जाऊ लागतात, आणि डोके बदलण्याचा खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो.

रोल थंड व कोरड्या खोलीत, आडवे न ठेवता मूळ वेष्टनात ठेवावेत. उन्हाळ्यात गोंद कडेने बाहेर येतो व पावसाळ्यात कागद वळतो. एका हंगामास लागेल तेवढाच साठा करावा. पुडीवर चिठ्ठी लावण्यापूर्वी पुडी कोरड्या फडक्याने पुसावी. हळदीच्या धुळीवर लावलेली चिठ्ठी हळदीला चिकटते, पुडीला नाही. फुकट गेलेल्या चिठ्ठ्या मोजून फाडाव्यात आणि वहीत लिहाव्यात.

यंत्र हाती आले म्हणून गटांनी एक मोह मात्र आवरावा. वनस्पतींचे वाण व शेतकरी हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. परंतु संरक्षित वाणाचे बियाणे पिशवीत भरून, त्या वाणाचे नाव सांगणारी चिठ्ठी लावून विकण्याचा हक्क दिलेला नाही. म्हणजे कायद्याची रेषा नेमकी चिठ्ठीवरून जाते. बियाण्याचा धंदा करावयाचा असेल तर परवाना घ्यावा आणि प्रमाणीकरण यंत्रणेकडे क्षेत्राची नोंदणी करावी.

घरच्या बियाण्यास विकावयाची चिठ्ठी नको, तरी ओळखीची हवीच. घरी राखलेल्या सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यात एक आणि पोत्याच्या तोंडाशी एक अशा दोन जाड कागदाच्या चिठ्ठ्या घालाव्यात. त्यावर वाण, शेताचे नाव, काढणीची तारीख, काढणीच्या वेळी पाऊस होता की नव्हता, आणि मे महिन्यात घेतलेल्या उगवण चाचणीचा आकडा लिहावा. चाचणीसाठी निवड न करता शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या रांगांनी मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत व ओल टिकवावी. आठवड्याने सशक्त कोंब आलेले दाणे मोजावेत. आकडा ७० च्या खाली भरला तर त्या प्रमाणात एकरी बियाणे वाढवावे, फारच खाली गेला तर ते पोते विक्रीस काढावे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत व आपटू नयेत. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई गोदामातील दमटपणाने पसरते.